बोल्टमागचा पत्रा: १९७३ च्या फियाटमध्ये सीट बेल्ट बसवताना

गाडी कागदोपत्री प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३ ची. घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून ‘फियाट’च. कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट अकराशे बाहेर पडायची, तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टीअरिंगला, पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईची काळीपिवळी म्हटल्यावर जी गाडी डोळ्यांसमोर येते, तिचीच ही थोरली बहीण.

माझ्या मित्राच्या वडिलांनी ती रत्नागिरीत वापरली. ते गेल्यावर काही वर्षं ती पडवीशेजारच्या शेडमध्ये उभी होती. मित्राने ती पुण्याला आणली, इंजिन बांधून घेतलं, रंग दिला आणि एका रविवारी मला दाखवायला घेऊन आला. मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डिझाइन विभागात आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे ‘जरा नजर टाक’ ही कामं माझ्याकडे येतातच. दार उघडून तो कौतुकाने म्हणाला, “बेल्टसुद्धा लावून घेतलेत बघ. आता दादरला लेकीकडे बिनधास्त जायचं.”

पट्टे नवेकोरे होते आणि बकल टक्क करून लागत होतं. तरीही त्या पट्ट्यांच्या भरवशावर मी कात्रजचा घाटसुद्धा उतरलो नसतो. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते एवढ्याचसाठी, की जुन्या गाड्यांमध्ये असे ‘लावून घेतलेले’ पट्टे मी नंतर आणखी तीन ठिकाणी पाहिले. तिन्ही ठिकाणी चूक तीच.

पट्टा कुणासाठी?

आधी हे पट्टे आले कुठून ते सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला आणि ज्यांच्या गाडीत सोय नाही त्यांनी तोवर ती करून घ्यावी, असं कळवलं. मित्राच्या डोक्यात तेव्हापासून चलान बसलं होतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीने पट्टा न लावण्याचा दंड १,००० रुपये झाला, हेही त्याला पाठ.

गंमत अशी, की केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम पट्टा लावायला सांगतो तो १२५ व्या नियमाप्रमाणे ज्या गाडीत पट्टे दिलेले आहेत तिच्यात. आणि कारखानदारांवर पुढच्या सीटला पट्टे देण्याचं बंधन आलं ते १९९३ च्या दुरुस्तीनंतर. १९७३ ची गाडी त्याच्या वीस वर्षं आधीची. पण चौकात उभं राहून हवालदाराला नियमाचं पोटकलम समजावत बसायची हौस कुणाला असते? मित्र एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेला. दुकानदाराने दीड तासात काम उरकलं आणि वर सांगितलं, “साहेब, आता कोण अडवत नाही तुम्हाला.”

यात दुकानदार एका अर्थी खरंच बोलला. तो पट्टा पोलिसासाठीच होता.

खाली वाकून पाहिलं तेव्हा

गाडी रॅम्पवर घेतली. खांद्याच्या वरचा पट्टा ज्या कडीतून वळतो ती कडी मधल्या खांबाला दोन सेल्फ-टॅपिंग स्क्रूंनी बसवली होती. म्हणजे पत्र्याला नट नाही, मागे आधार नाही, फक्त स्क्रूचे आटे पत्र्यात चावलेले. पत्र्याची जाडी साधारण एक मिलिमीटर, तेव्हा आटा धरून धरून किती धरणार? एकच फेरा.

फ्लोअरला मात्र बोल्ट होते, आठ मिलिमीटरचे. खालून नट, आणि नटाखाली रुपयाच्या नाण्याएवढा वायसर. मी वर बसून पट्टा दोन्ही हातांनी धरून जोरात हिसकला आणि मित्राला खालून बघायला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “अरे, हलतंय.” मॅट उचलली, तिच्याखालचा नमदा उचलला. रंग नवा, त्याखाली काळं अंडरकोटिंग, आणि त्याच्याही खाली गंज. दाभण घेऊन दाराच्या उंबऱ्यालगतचा कोपरा टोचला तर दाभण आरपार गेलं. चुंबक फिरवलं, तर दोन ठिकाणी ते चिकटेचना. तिथे पत्रा नव्हताच, लांबी (म्हणजे पुट्टी) भरून वर रंग मारला होता.

कोकणातल्या गाडीचं दुखणं हे असं. वरून ती छान दिसते, कारण पाऊस वरून निथळून जातो. मॅटखालचा नमदा मात्र पाणी धरून ठेवतो, त्यात खारी हवा, आणि उंबरा नि फ्लोअर जिथे जोडले जातात तो सांधा आतून सडत जातो. दुर्दैवाने पट्ट्याचा बाहेरचा बोल्ट येतो तो नेमका त्याच सांध्यावर.

आकडा किती?

मित्राला माझं म्हणणं अतिशयोक्तीचं वाटलं. “मी ताशी पन्नासच्या वर चालवतच नाही रे ती.” म्हणून कागद घेतला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडीचं नाक चेपण्यात आणि पट्टा ताणण्यात मिळून माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला असं धरू. ७० किलोच्या माणसाला तेवढ्यात थांबवायला सरासरी १३,५०० न्यूटन लागतात. सोप्या भाषेत, पावणेचौदाशे किलोचं ओझं. त्या गाडीच्या वजनापेक्षा जास्त! आणि ही झाली सरासरी; क्षणभराचं शिखर त्याहून उंच असतं.

पट्ट्याचे आधार तपासण्याचा जो संयुक्त राष्ट्रांचा १४ क्रमांकाचा नियम आहे तोही याच जातीचे आकडे मागतो: तीन टोकांच्या पट्ट्यासाठी छातीच्या भागावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या भागावर आणखी तेवढेच. नुसता कमरेचा पट्टा असेल तर सगळा भार त्याच्यावर, म्हणून २२,२५०.

आता आठ मिलिमीटरचा चांगला बोल्ट एवढ्याने लगेच तुटेल असं नाही. बोल्ट बिचारा शाबूत राहतो आणि वायसरसकट पत्र्यातून वर येतो. हे बोलून पटेना, म्हणून पत्र्याचं काम करणाऱ्या आमच्या मिस्त्रींच्या शेडमध्ये करूनच दाखवलं. फ्लोअरच्याच जाडीच्या नव्या पत्र्याचे दोन तुकडे चौकटीत आवळले. एकात तोच बोल्ट नि तोच वायसर, दुसऱ्यात तीन मिलिमीटर जाडीची पट्टी मागे लावून मोठा बोल्ट. खालून हायड्रॉलिक जॅक. वायसर आधी बशीसारखा वाकला, पत्रा फुगला आणि मग काजातून बटण निघावं तसा बोल्ट निघून आला. दुसऱ्या तुकड्यात पत्र्याला नुसता फुगवटा आला. शेवटी आमची चौकटच वाकायला लागली, म्हणून थांबलो. मित्र गप्प झाला. मिस्त्री म्हणाले, “तो पहिला पत्रा नवा होता साहेब. तुमच्या गाडीतला तर पापड आहे.”

आधी पत्रा, मग पट्टा

म्हणून क्रम उलटा लागला. जुने पट्टे काढले, पुढची सीट काढली, दोन्ही बाजूंचा सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला आणि नवा घडवून बसवला. मिस्त्रींचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला. मी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातल्या विजेच्या वेल्डिंगचा, हट्ट धरला. गॅसची आच लांबवर पसरते, पत्रा ओढला जातो आणि शेजारचा चांगला भागही नरमतो. थोडी कुरबुर झाली, मग त्यांनीच मशीन मागवलं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडली, ब्रेकच्या नि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते खालून खडूने आखलं, छताचं अस्तर खांबापासून मागे घेतलं आणि ओलं गोणपाट हाताशी ठेवलं. जुन्या गाडीतला नमदा आणि रेक्झिन किती पटकन पेटतात, हे ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा विसरत नाही.

आधारपट्टीसाठी मोटार शर्यतींच्या नियमांतलं माप घेतलं: प्रत्येक बोल्टमागे किमान ४० चौरस सेंटिमीटर आणि किमान तीन मिलिमीटर जाडी. आम्ही ८० बाय ६० मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, म्हणजे ४८ चौरस सेंटिमीटर. कोपरे गोल केले आणि कडा घासल्या, कारण धारदार कोपरा ताण आला की पत्रा सुरीसारखा चिरतो. पट्टी बसते ती ओढीच्या उलट बाजूला. माणूस पट्ट्याला वर-पुढे ओढणार, म्हणून पट्टी फ्लोअरच्या खालून, म्हणजे ओढ आली की ती पत्र्यावर दाबली जाते. हीच पट्टी वरून लावली तर नुसत्या वेल्डच्या टाक्यांवर लोंबकळेल. बाहेरच्या बोल्टची पट्टी सपाट ठेवली नाही. काटकोनात वाकवून तिचा एक पाय फ्लोअरला आणि दुसरा उंबऱ्याच्या उभ्या पत्र्याला जोडला. दोन पातळ्यांना धरलेली पट्टी एका पातळीवरच्या पट्टीपेक्षा कितीतरी हट्टी असते.

आतला बोल्ट मधल्या टनेलच्या, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध असलेल्या लांब उंचवट्याच्या, कुशीत येतो. ही मागच्या चाकांनी चालणारी गाडी, त्यामुळे टनेलखाली प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, फिरतो. बोल्टचं टोक आत किती येतं आणि मागचा ॲक्सल वर-खाली होताना शाफ्ट किती हलतो, हे गाडी रॅम्पवर नुसती टांगून कळत नाही. चाकांवर भार ठेवून मोजलं, तेव्हा एका बाजूचा बोल्ट आखूड घ्यावा लागला.

बोल्टच्या आट्यांवर जरा थांबतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. सीट बेल्टचे बोल्ट जगभर बहुतेक ७/१६ इंचाचे असतात, इंचाला २० आटे. मेट्रिकमध्ये सांगायचं तर व्यास ११.१ मिलिमीटर आणि आट्याचं अंतर १.२७. मिस्त्रींच्या डब्यात बारा मिलिमीटरचे बारीक आट्यांचे नट होते, अंतर १.२५. ७/१६ चा बोल्ट त्यात फिरतो, छान बसल्यासारखा वाटतो, पान्याला थोडा दमही लागतो. पण बोल्ट जवळजवळ एक मिलिमीटर बारीक, त्यामुळे आट्याला आटा लागतो तो जेमतेम पाव मिलिमीटर. हाताला घट्ट आणि धक्क्याला सैल! मी डब्यातले नट बाजूला ठेवले आणि पट्ट्यांबरोबर आलेल्या बोल्टला जुळणारे नट आणून तेच आधारपट्ट्यांना वेल्ड केले. बोल्टवर मात्र कुठेही वेल्डिंगचा टाका पडू दिला नाही; कडक पोलादाच्या बोल्टला आच लागली की त्याचा कडकपणा गेला.

खांब

सगळ्यात अवघड काम मधल्या खांबाचं. तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला, तो एका हाताने लावता यावा आणि छाती-कंबर दोन्ही धरावी म्हणून. त्यातली खांद्यावरची कडी कुठे बसते यावर सगळा खेळ आहे. खांद्यापेक्षा ती खाली आली तर धक्क्याच्या वेळी पट्टा माणसाला मागे धरण्याबरोबर खालीही दाबतो आणि तो दाब मणक्यावर येतो. फार पुढे आली तर पट्टा खांद्याला टेकतच नाही.

कागदावरची मापं बाजूला ठेवून मी माणसं बसवली. मित्राचा मुलगा सहा फूट. मित्राची आई पाच फुटांनाही थोड्या कमी. वय ब्याऐंशी, आणि पुढची सीट हा त्यांचा हक्क. “माझं माप कशाला घेताय, मी काय ब्लाउज शिवायला टाकलाय?” म्हणत त्या बसल्या. मुलाच्या खांद्याच्या थोडं वर कडी घेतली तर आईंच्या गळ्यावर पट्टा येत होता. शेवटी त्यांच्या बाजूची कडी मुलाच्या बाजूपेक्षा खाली घेतली, पण त्यांच्या खांद्याच्या वरच, आणि सहा फुटी माणसाने त्या जागी बसायचं नाही असं ठरलं. दोन बाजूंना दोन उंच्या दिसतात, लक्ष देऊन पाहिलं तर खटकतंही. मला त्याचं काही वाटत नाही.

कमरेचा पट्टा पोटावरून न जाता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. त्यासाठी खालचे बोल्ट सीटच्या पाठीच्या बुडाशी असे आले पाहिजेत की बाजूने पाहताना पट्टा जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंश करेल. फार आडवा असेल तर माणूस पट्ट्याखालून घसरतो. दुकानदाराने बोल्ट बराच मागे घेतला होता, कारण तिथे पाना सहज पोचत होता.

कडीवर येणारा भारही लक्षात घ्या. विहिरीच्या कप्पीवर बादलीचंही ओझं असतं आणि ओढणाऱ्याचंही. तसाच इथे पट्टा कडीतून वळून खाली, तो गुंडाळून घेणाऱ्या रीळकडे जातो, म्हणून कडीच्या बोल्टवर दोन्ही पदरांचा ताण येतो. घर्षणाने थोडा कमी होईल इतकंच. आणि नेमका हाच भार आधी दोन सेल्फ-टॅपिंग स्क्रूंवर सोडला होता. खांब आतून पोकळ, त्यामुळे नट मागे धरायला हात जात नाही. मिस्त्रींनी आतल्या बाजूच्या पत्र्याला खिडकी कापली, नट जोडलेली ३० बाय १५० मिलिमीटरची पट्टी आत सोडली, पुढून भोकं पाडून ती भोकं वेल्डने भरली, कडेने टाके घातले आणि खिडकी पुन्हा बंद केली. दोन खांबांना दोन दिवस गेले. पोकळीत नंतर मेण सोडलं, नाहीतर वेल्डच्या आतल्या बाजूने पुन्हा गंज सुरू.

पट्टे कुठून घ्यायचे यावर वाद झाला. मित्राच्या ओळखीचा एक जण भंगारातून आयते काढून देणार होता. (कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचे अवयव कुर्ल्याच्याच भंगारबाजारात मिळावेत, यात काहीतरी आहे खरं.) पण भंगारात आलेल्या गाडीचा पट्टा एकदा धक्का खाऊन ताणलेला नाही, हे कोण सांगणार? ताणलेला पट्टा दिसायला तसाच दिसतो. नवे घेतले, प्रमाणित खूण असलेले.

रीळ बसवताना ती कोणत्या कोनासाठी बनवली आहे ते पाहावं लागतं. आत एक गोळी किंवा लोलक असतो. गाडीला धक्का बसला की तो कलंडून रीळ अडवतो. नियमाप्रमाणे बसवल्या जागेपासून १२ अंशांपर्यंतच्या कलाला रीळ अडकायची नाही आणि २७ अंशांच्या पुढे अडकलीच पाहिजे. म्हणजे सरळ उभ्या बसणाऱ्या रीळला खांबाच्या तिरक्या बुडावर तशीच ठोकली, तर ती घाट चढताना अडकून बसते नाहीतर गरजेला अडकतच नाही. दुकानातून बसवून आलेली डावी रीळ दर स्पीडब्रेकरला अडकत होती आणि मित्राला ती ‘कडक’ वाटत होती. आम्ही पाचरीसारखी पट्टी करून दोन्ही रीळ ओळंब्याने सरळ केल्या. मग पहाटे मोकळ्या मैदानात ताशी वीस-पंचवीसवरून करकचून ब्रेक मारून दोन्ही बाजू तपासल्या.

जे झालं नाही

पट्टा बसला म्हणून गाडी नवी होत नाही. हिच्या स्टीअरिंगचा दांडा धक्क्याला दुमडणारा नाही, सीटला मान टेकायला उशी नाही. सीटचे रूळ आम्ही नव्याने आवळले आणि त्यांच्याखालीही पट्ट्या दिल्या, कारण माणूस पट्ट्याने थांबला आणि मागून सीट येऊन आदळली तर काय उपयोग. पुढच्या बाकावर मधे तिसरं माणूस बसायचं नाही. तिथे आता पाण्याच्या बाटल्यांचा लाकडी खोका असतो.

एक कागदी प्रश्नही आहे. २०२१ च्या जुलैत व्हिंटेज वाहनांचे नियम आले. ५० वर्षांवरची गाडी त्यात नोंदवता येते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसी किंवा बॉडीच्या सांगाड्यात फेरफार नको. फ्लोअरखालच्या पट्ट्या हा फेरफार की दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती. पण निकाल माझ्याकडे नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि कापलेला सडका पत्रा मित्राने जपून ठेवलाय. शिवाय ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून तूर्त साध्याच नोंदणीवर आहे.

मागच्या सीटला वरचा आधार द्यायला जागा सापडली नाही. सीटमागची फळी हा नुसता पातळ पत्रा आहे, त्यावर खांद्याचा पट्टा टांगणं म्हणजे पुन्हा दुकानदाराचाच उद्योग. बाजूच्या खांबाचं आतलं अंग उघडायला मित्र या वर्षी तयार नाही. तिथे दोन कमरेचे पट्टे दिले, खाली तशाच जाड पट्ट्या लावून. मोठ्या माणसाला ते काहीच नसण्यापेक्षा बरे. वरचं अंग पुढे फेकलं जाणारच, पण निदान माणूस गाडीत राहील आणि पुढच्याच्या पाठीवर आदळणार नाही. लेकीचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला मागे कमरेच्या पट्ट्यात बसवायचं का, असं मित्राने विचारलं. मी नाही म्हटलं. तो दादरहून येतो तेव्हा त्याच्या आईच्या गाडीतून, त्याच्या स्वतःच्या सीटवर बसून येतो, आणि फियाटमध्ये बसायचं असेल तर सोसायटीच्या आवारात, इंजिन बंद असताना.